मुंबई इलाख्यातील कानडीपणाची घडण

अमेरिकेचा इतिहास शिकविताना आपण बहुधा १७७६ च्या जाहीरनाम्यापासून आरंभ करतो. ज्यांनी तो जाहीरनामा काढला ते लोक त्यापूर्वीच मनाने अमेरिकन होऊ लागले होते, हे सांगावयाचे मात्र राहून जाते. १७५४ साली ऑल्बनी येथे फ्रँक्लिनने वसाहतींच्या एकीची योजना मांडली, तेव्हा एकाही वसाहतीच्या विधिमंडळाने ती स्वीकारली नाही. अकराच वर्षांनी मुद्रांक कायद्याविरुद्ध नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्क येथे जमले, आणि त्यांनी मागितले ते इंग्रज प्रजाजनांचेच हक्क. आपण निराळे आहो हा बोध त्यांना इंग्लंडच्याच शब्दांतून झाला. ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. कारण तिचे एक प्रत्यंतर आपल्या उंबरठ्यावर, हुबळी-धारवाडात, घडलेले आहे, आणि तेथे ज्या भाषेच्या शब्दांतून हा बोध झाला ती मराठी होय.

हुबळीच्या कोप्पीकर रोडचे नाव वाचताच मराठी माणसास त्यातील अखेरचा 'कर' ओळखीचा वाटतो. गाव कानडी मुलखातले, नावाचा प्रत्यय आपला. असे मिश्रण या प्रदेशात पावलोपावली आढळते, आणि त्याला राजकीय कारण आहे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कानडी मुलूख मुंबई, मद्रास, निजाम, म्हैसूर, कोडगू व अनेक लहान जहागिरी संस्थाने यांत विखुरला. धारवाड, बेळगाव, विजापूर व कारवार मुंबई इलाख्यात होते. धारवाड-बेळगावकडील मुलखास इंग्रज 'दक्षिण मराठा देश' म्हणत. १८८२ साली जी आगगाडीची कंपनी निघाली आणि जिचा कारखाना हुबळीस उभा राहिला, तिचेही नाव 'सदर्न मराठा रेल्वे' असेच होते. मुलूख बहुतांशी कानडी बोलणारा आणि नाव मराठ्यांचे! जुन्या दप्तराची भाषा मराठी, तीच आरंभीच्या सरकारी शाळांत शिरली. कानडी घरातील मूल शाळेत जाऊन प्रथम परक्या भाषेत शहाणे होई. यात मराठी माणसांचा दुष्ट हेतू होता असे म्हणता येणार नाही. कारभाराची सोय होती. पण सोय एकाची असली तरी भार दुसऱ्यावर पडतोच.

या भाराची जाणीव प्रथम शाळाखात्यातच झाली. वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने कानडी शाळेसाठी खटपट केली. पुढे शिक्षणाधिकारी रसेल यांच्या पाठिंब्याने 'डेप्युटी' चन्नबसप्पा यांनी कानडी शाळा वाढविल्या व कानडी शिक्षक तयार केले. १८३४ ते १८८१ हे त्यांचे आयुष्य. आमच्या मते कर्नाटकाच्या एकीकरणाचा खरा पाया येथेच घातला गेला. सभा आणि ठराव नंतर आले. आधी क्रमिक पुस्तक आले.

यानंतरची पिढी पुण्यात शिकली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. धारवाडात कर्नाटक कॉलेज १९१७ साली निघाले. तोपर्यंत पदवीसाठी पुणे-मुंबईवाचून गत्यंतर नव्हते. आलूर वेंकटराव (१८८०–१९६४) फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. टिळकांचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. 'गीतारहस्या'चे कानडी भाषांतर त्यांनीच केले. इतिहासाच्या अभिमानातून लोक कसे जागे करावेत, हे ते महाराष्ट्रात पाहून आले. आणि शिवाजीच्या महाराष्ट्रासमोर आपल्या लोकांपाशी ठेवावयास काय आहे, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणजे १९१७ चे 'कर्नाटक गतवैभव': चालुक्य, राष्ट्रकूट, विजयनगर यांची कानड्यांस करून दिलेली आठवण. 'कर्नाटकत्व' हा शब्दही त्यांनी रुळविला. गुरूचीच विद्या घेऊन शिष्य वेगळे घर मांडतो, तसा हा प्रकार होता. न्यूयॉर्कच्या त्या प्रतिनिधींनी तरी दुसरे काय केले होते?

मात्र साम्य येथवरच. अमेरिकन व इंग्रज यांची भाषा एक होती, आणि भांडण राज्यकर्त्याशी होते. धारवाडात राज्यकर्ता इंग्रज. मराठी ही मधली पायरी. म्हणून कानडी जागृतीला शत्रू शोधावा लागला नाही, संस्था काढाव्या लागल्या. १८९० साली रा. ह. देशपांडे यांनी धारवाडास कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापिला, त्याचे 'वाग्भूषण' हे नियतकालिक निघाले. १९१५ साली बंगळूरला साहित्य परिषद झाली. १९२० च्या नागपूर काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या मान्य केल्या, आणि १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेस भरली तेव्हा तेथेच एकीकरण परिषद झाली. स्वराज्यानंतरही मुलूख विभागलेलाच राहिला. १९५३ साली हुबळीजवळच्या अदरगुंची गावी शंकरगौडा पाटील यांनी उपोषण केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य एक झाले.

रंगभूमीची हकीकत याहून मौजेची आहे. कर्नाटकातील खेळांवरून सुचून विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस मराठी नाटक उभे केले. तीच मराठी नाटके पुढे कानडी मुलखात इतकी गाजू लागली की शांतकवी, म्हणजे सक्करी बाळाचार्य, यांना गदगेस कानडी नाटक मंडळी उभी करावी लागली. उसने दिलेले परत आले ते प्रतिस्पर्धी होऊन! आणि त्याच मुलखातील कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर गाजले.

आज पारडे फिरले आहे. मराठीतून शिक्षण मागणारी मुले आता कर्नाटकात अल्पसंख्य आहेत, आणि त्यांचे पालक जे म्हणतात ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी धारवाडच्या कानडी पालकांनी म्हटलेलेच आहे. सीमाभागाचा प्रश्न वर्गात निघतो तेव्हा ही पहिली बाजू शिक्षकाने वगळली, तर दुसरी बाजू मांडण्याचा त्याचा अधिकार कमी होतो, असे आम्हांस वाटते.

या साऱ्या घडणीत द. रा. बेंद्रे कोठे बसवावेत, हा प्रश्न अभ्यासकाने अवश्य सोडवून पाहावा. जन्म १८९६, धारवाड, मातृभाषा मराठी, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, काव्य कानडीत. मराठीतही त्यांनी लिहिले. 'नाकु तंती' या त्यांच्या कानडी काव्यसंग्रहास १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले, आणि म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले तेही १९७३ सालीच.