विश्लेषण : विमा संपलेल्या गाडीने अपघात झाला, तर भरपाई कोणाच्या खिशातून?

विम्याशिवाय गाडी चालवताना पकडले गेल्यास पहिल्या वेळचा दंड दोन हजार रुपये आहे. त्याच गाडीखाली एखाद्या कमावत्या माणसाचा जीव गेला, तर भरपाई ५० लाखांच्या पुढे जाऊ शकते आणि ती गाडीमालकालाच भरावी लागते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक नोकरदार कामावर लोकलने जातात. गाडी आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते, ती बाहेर निघते रविवारी किंवा गणपतीला गावी जाताना. अशा गाडीच्या विम्याची तारीख विसरणे सोपे असते. देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना असल्याचे संसदेच्या स्थायी समितीनेही नोंदवले आहे. विमा संपलेला असताना अपघात झाला तर पुढे काय होते?

विमा संपल्यावर सवलतीचे दिवस मिळतात का?

नाही. पॉलिसीवर जी तारीख आणि वेळ लिहिली आहे, त्या क्षणी संरक्षण संपते. बहुतेक पॉलिसी शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपतात. अनेकांच्या डोक्यात असलेली ९० दिवसांची मुदत फक्त ‘नो क्लेम बोनस’साठी आहे. त्या मुदतीत नूतनीकरण केले तर बोनस टिकतो, पण मधल्या काळात झालेल्या अपघाताचा एक रुपयाही कंपनी देत नाही.

दुसरा गोंधळ नव्या गाड्यांबाबत होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. म्हणजे एकाच कागदावर दोन वेगवेगळ्या तारखा. ऑक्टोबर २०२२ मध्ये घेतलेल्या कारचा थर्ड पार्टी विमा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. ‘शोरूमने विमा काढून दिला आहे’ एवढ्यावर विसंबलेल्या मालकाला हे कळतही नाही.

अपघातानंतर लगेच ऑनलाइन पॉलिसी काढली तर?

उपयोग नाही. पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते आणि संरक्षण त्या वेळेपासूनच सुरू होते. ओरिएंटल इन्शुरन्स कंपनीच्या एका जुन्या प्रकरणात १० डिसेंबर १९९१ रोजी दुपारी २ वाजून २० मिनिटांनी अपघात झाला आणि पॉलिसी २ वाजून ५५ मिनिटांनी घेतली गेली. दिवस एकच होता, फरक ३५ मिनिटांचा. सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला जबाबदारीतून मुक्त केले. आता तर ऑनलाइन व्यवहाराची वेळ सेकंदासह नोंदली जाते. अपघाताची वेळ खोटी सांगून दावा करण्याचा प्रयत्न केला, तर फसवणुकीचा वेगळा गुन्हा मागे लागू शकतो.

पोलीस काय कारवाई करतात?

निष्काळजीपणाचा गुन्हा विमा असला तरी आणि नसला तरी दाखल होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेनुसार निष्काळजीपणे गंभीर दुखापत केल्यास तीन वर्षांपर्यंत, तर मृत्यूस कारणीभूत ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमा नसल्यास त्यात मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ची भर पडते : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दंड चार हजार रुपये.

खरा फरक गाडी सोडवताना कळतो. विमा असलेली गाडी तपासणीनंतर न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते. मृत्यू किंवा दुखापतीच्या अपघातातील गाडीला विमा नसेल, तर मालकाने भरपाईसाठी पुरेसे तारण दिल्याशिवाय न्यायालय ती सोडत नाही. तारण दिले नाही, तर तीन महिन्यांनंतर गाडीचा जाहीर लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात जमा केली जाते. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना असा नियम लागू करण्यास सांगितले होते. १ एप्रिल २०२२ पासून तो केंद्रीय नियमांतही आहे.

याच नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्यामुळे ‘समोरचा माणूस कोर्टात जाणार नाही’ या भरवशावर राहता येत नाही.

भरपाई किती होऊ शकते?

न्यायाधिकरणे सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांतील सूत्र वापरतात. समजा, ३२ वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय करणारा, महिना २५ हजार रुपये कमावणारा माणूस अपघातात गेला आणि त्याच्यावर पत्नी, दोन मुले व आई अवलंबून आहेत.

• वार्षिक उत्पन्न : ३ लाख रुपये
• भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के धरून : ४ लाख २० हजार
• त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा : ३ लाख १५ हजार
• ३१ ते ३५ वयोगटासाठी गुणक १६ : ५० लाख ४० हजार रुपये

अंत्यविधी, सहवास गमावणे यांसारख्या बाबींची रक्कम आणि व्याज वेगळे. मृत व्यक्तीचीही चूक सिद्ध झाली, तर त्या प्रमाणात भरपाई कमी होते. विमा असता तर ही रक्कम कंपनीने भरली असती, कारण मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी थर्ड पार्टी विम्यात भरपाईला कमाल मर्यादा नसते.

मालकाकडे पैसेच नसतील तर?

कलम १७४ नुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचे प्रमाणपत्र देऊ शकते. त्यानंतर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजे मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. गृहकर्जाचे हप्ते सुरू असलेल्या कुटुंबासाठी हा धोका छोटा नाही.

दावा ठाण्यातच चालेल असेही नाही. अपघात जिथे झाला, दावेदार जिथे राहतो किंवा गाडीमालक जिथे राहतो, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात तो दाखल करता येतो. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावजवळ झालेल्या अपघातात चिपळूणचे कुटुंब आपल्या भागातील न्यायाधिकरणात दावा करू शकते. अशा वेळी डोंबिवलीच्या मालकाला तारखांना तिकडे जावे लागते.

गाडी दुसऱ्याने चालवली किंवा विकून टाकली असेल तर?

विमा नसलेली गाडी चालवायला देणे हाही कलम १९६ खाली गुन्हा आहे. मित्राने किंवा भाच्याने गाडी नेली, तरी मालक भरपाईच्या जबाबदारीतून सहसा सुटत नाही. विकलेल्या गाडीचेही तसेच. आरसीवर ज्याचे नाव, तो मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे गाडी विकल्यावर ठाणे किंवा कल्याण आरटीओत नाव बदलले गेले की नाही, हे जुन्या मालकाने स्वतः पाहावे.

जखमीला तातडीची मदत कशी मिळते?

गाडीला विमा आहे की नाही, यावर जखमीचे उपचार अडत नाहीत. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयांत विनारोकड मिळतात. याशिवाय कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. विमा नसेल तर ही रक्कमही मालकाकडूनच.

अपघात झालाच तर काय करावे?

• पळू नका. जखमीला रुग्णालयात पोहोचवणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. ती टाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जमावाची भीती वाटत असेल, तर थेट जवळचे पोलीस ठाणे गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.
• विमा संपल्याचे लपवू नका. वाहन प्रणालीत ती तारीख एका क्लिकवर दिसते.
• रस्त्यावरच रोख देऊन ‘मिटवले’ म्हणजे प्रकरण संपले असे समजू नका. दुखापत नंतर गंभीर निघाली, तर दावा होऊ शकतो. उपचारांसाठी दिलेल्या पैशांच्या पावत्या ठेवा.
• न्यायाधिकरणाची नोटीस आली तर गैरहजर राहू नका. गैरहजेरीत एकतर्फी आदेश होऊ शकतो. वकिलामार्फत लेखी म्हणणे मांडा. समोरच्यांची तयारी असेल, तर लोकअदालतीत तडजोडही करता येते.

आज काय तपासावे?

एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा क्रमांक टाकल्यावर विम्याची मुदत दिसते. पॉलिसीवर ‘थर्ड पार्टी’ आणि ‘ओन डॅमेज’ या दोन्ही तारखा वेगवेगळ्या पाहा. मुदत संपली असेल, तर नवी पॉलिसी सुरू होईपर्यंत गाडी पार्किंगमधून काढू नका. पैसे आज भरले, तरी संरक्षण उद्यापासून असू शकते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये, तर ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा ७१४ रुपये आहे. त्यावर जीएसटी वेगळा.