‘नो पेट्स’ला अपवाद कोण?
अमेरिकेत भाडेकरारात ‘नो पेट्स’ असलं, तरी मानसिक आजारामुळे ज्याला कुत्र्या-मांजराचा आधार लागतो तो ‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’खाली सवलत मागू शकतो; १९८८च्या दुरुस्तीने अपंगत्व या कायद्यात आलं. घरमालक सहसा मागतो ती उपचार करणाऱ्या परवानाधारक डॉक्टरची किंवा थेरपिस्टची चिठ्ठी. ऑनलाइन विकलं जाणारं सोनेरी शिक्क्याचं ‘नोंदणी प्रमाणपत्र’, ओळखपत्र, कुत्र्याचं जाकीट हा सगळा निव्वळ धंदा. अशी सरकारी नोंदवही मुळात नाहीच. कॅलिफोर्नियात तर २०२२पासून कुत्र्यासाठी चिठ्ठी देण्याआधी रुग्णाशी किमान ३० दिवसांचा संबंध सक्तीचा आहे. कुत्र्याने दरवाजा कुरतडला, तर भरपाई भाडेकरूच्याच माथी. आणि मालक स्वतः राहत असलेल्या, चारपर्यंत बिऱ्हाडांच्या इमारतीला हा केंद्रीय कायदा बहुधा लागूच होत नाही.