दुकान खरं आहे, हे गूगलला व्हिडिओत कसं दाखवायचं?

मंडळी, मूर्तिजापुरात 'स्टेशनजवळचं ते दुकान' एवढं सांगितलं तरी माणूस बरोबर पोचतो. गूगलला तसं चालत नाही. नकाशावर दुकानाची नोंद केली की बऱ्याचदा ते व्हिडिओ मागतात. का? तर नसलेली दुकानं नकाशावर टाकायची, खाली आपला नंबर द्यायचा आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवायचं, हे प्रकार खूप झालेत.

व्हिडिओ मोबाईलवर, त्या नोंदीतूनच काढायचा. सलग, किमान ३० सेकंद. गॅलरीतला जुना चालत नाही. आधी रस्ता आणि शेजारच्या पाट्या, मग आपली पाटी. तिच्यावरचं नाव नोंदीत आहे तेच हवं. आणि खरी गोष्ट पुढेच आहे: दुकान तुमच्या ताब्यात आहे हे दिसलं पाहिजे. कुलूप उघडा, शटर वर करा, गल्ला उघडून दाखवा. बाहेरून शूटिंग काय, कोणीही करेल ना! दुकानच नाही, घरोघरी जाऊन पाण्याच्या मोटारी दुरुस्त करता? मग हत्यारं दाखवा, नाव लिहिलेली गाडी दाखवा. लोकांचे चेहरे आणि बँकेचे कागद मात्र नकोत.

याचे पैसे पडत नाहीत, बरं का. फोनवर पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्याला सरळ कट करा. तपासणीला कामाचे ५ दिवस लागू शकतात. नाही जमलं तर व्हिडिओ परत काढता येतो.