थयथयाटाच्या आधी आणि नंतर

लहान मूल भोकाड पसरतं तेव्हा नेमकं काय घडत असतं, हे मोजायचं कसं? मायकेल पोटेगल आणि जेम्स ग्रीन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्यासाठी मुलांचे कपडेच कामाला लावले. कपड्यात छोटा मायक्रोफोन शिवलेला असायचा. मूल घरात नेहमीसारखं खेळायचं, बिनसलं की किंचाळायचं, आणि तो सगळा गोंधळ रेकॉर्ड व्हायचा. या आवाजांचं विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झालं.

मूल आधी रागावतं आणि राग ओसरला की रडतं, असा तोवरचा समज होता. रेकॉर्डिंगमधून वेगळंच चित्र पुढे आलं. किंचाळणं आणि ओरडणं हे रागाचे आवाज. रडणं, हुंदके आणि किरकिर हे दुःखाचे. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी चालू असतात. राग झपाट्यानं टिपेला पोचतो आणि उतरतो, दुःख मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागे असतंच. आत्ता आईला फटका मारणारं मूल दोन मिनिटांत तिच्याच कुशीत का शिरतं, याचं उत्तर इथं आहे. ते नाटक नसतं.

पोटेगल यांनीच सहकाऱ्यांसोबत २००३ साली दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या पालकांकडून थयथयाटाची तपशीलवार वर्णनं मिळवली होती. थयथयाटाचा सर्वांत जास्त वेळा आढळणारा अवधी अर्धा ते एक मिनिट असतो आणि चारांतले तीन पाच मिनिटांच्या आत संपतात, असं त्यातून दिसलं. पहिल्या तीस सेकंदांत मुलानं पाय आपटले किंवा जमिनीवर लोळण घेतली, तर प्रकरण बहुधा लवकर मिटतं, असंही आढळलं. चारचौघांत मुलानं फतकल मारली की आईबापांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. प्रत्यक्षात ते सुटकेचं लक्षण असू शकतं.

या वयाचं मूल स्वतःला आवरू शकत नाही, कारण आवरण्याची यंत्रणाच अजून कच्ची असते. आवेग रोखणं, वाट पाहणं, बेत बदलणं ही कामं मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि त्याची जडणघडण विशीतही सुरू असते. त्यात सांगायला शब्द अपुरे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली दोन हजारांहून अधिक पालकांच्या माहितीवरून दाखवलं, की उशिरा बोलू लागणाऱ्या मुलांमध्ये तीव्र किंवा वारंवार थयथयाटाचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतं. तेव्हा ऐन भरात ‘काय झालं? काय हवंय? असं का करतोस?’ अशी सरबत्ती करून काही साधत नाही. प्रश्न समजून घेऊन उत्तर जुळवण्याच्या अवस्थेत मूल नसतंच.

मग मोठ्यांच्या हाती उरतं काय? थयथयाटाच्या आधीचा तास आणि नंतरचं मिनिट.

आधीच्या तासाबद्दल एक जुना आणि अजूनही उपयोगी पुरावा १९३१ सालचा आहे. फ्लोरेन्स गुडइनफ यांनी मिनेसोटात ४५ मुलांच्या घरच्यांना रोजच्या रोज नोंदी ठेवायला सांगितल्या. रागाचे १,८७८ प्रसंग जमले. त्यांचं घड्याळ मांडल्यावर दिसलं, की दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास भडका जास्त उडतो. साधी सर्दी झाली, घरी पाहुणे आले, की प्रसंग वाढतात. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये दुपारी दोन वाजता, पंगत लांबलेली आणि झोपेची वेळ टळलेली असताना मूल बिथरतं, त्यात नवल ते काय! अशा वेळी ‘शहाण्यासारखा वाग’ म्हणण्यापेक्षा पिशवीत केळं, राजगिऱ्याचा लाडू असणं जास्त उपयोगाचं. बागेतून निघण्यापूर्वी ‘अजून दोन झोके, मग घरी’ असं सांगणं, ‘दूध पी’ऐवजी ‘निळ्या कपात की लाल?’ असं विचारणं, नको त्या वस्तू नजरेआड ठेवणं, यांत जादू काही नाही. पण यामुळे भांडणाचे प्रसंगच कमी होतात.

नंतरच्या मिनिटाची गोष्ट सी. डी. विल्यम्स यांनी १९५९ साली एका छोट्या शोधनिबंधात मांडली. एकवीस महिन्यांचा एक मुलगा आधीच्या दीर्घ आजारपणात सगळ्यांचं लक्ष मिळायची सवय झालेला. आता तब्येत ठणठणीत, पण झोपताना मोठं माणूस खोलीतून बाहेर पडलं की आकांत. तो झोपेपर्यंत अर्धा ते दोन तास कुणीतरी शेजारी बसून राहायचं. पुस्तक वाचायला घेतलेलंही त्याला चालायचं नाही. डॉक्टरांनी तब्येतीची खात्री दिल्यावर घरच्यांनी ठरवलं: प्रेमानं झोपवायचं, बाहेर यायचं आणि पुन्हा आत जायचं नाही. पहिल्या वेळी तो पंचेचाळीस मिनिटं रडला. दहाव्या वेळेपर्यंत रडणं पूर्ण थांबलं. आठवडाभरानं झोपवायची पाळी नात्यातल्या एका बाईंची होती. तो थोडा कुरकुरला, त्यांना राहवलं नाही, त्या परत आत गेल्या. पुढच्या वेळी पुन्हा जोरदार आकांत, आणि घरच्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

एवढ्या लहान मुलाला एकटं रडू द्यावं की नाही, यावर आज मतभेद आहेत. प्रत्येक घरानं तसंच करावं असं मुळीच नाही. पण त्यातला नियम पक्का आहे. रडण्यानं दर वेळी मागणी पुरी झाली तर मूल रडायला शिकतं. कधीतरीच पुरी झाली तर ते जास्त वेळ आणि जास्त जोरात रडायला शिकतं. आईनं ‘नाही’ म्हटलेलं चॉकलेट दहा मिनिटांनी आजोबांनी हळूच हातावर ठेवलं, की मुलाचा हिशेब सरळ होतो: दहा मिनिटं लावून धरायचं. म्हणून द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीलाच द्यावं. नाही द्यायचं तर घरातल्या प्रत्येकानं नाही द्यायचं. याची बैठक मूल झोपल्यावर घ्यावी, त्याच्यादेखत नव्हे.

मोबाइलचंही तेच. मिशिगन विद्यापीठाच्या जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर सहा महिने लक्ष ठेवलं. शांत करण्यासाठी ज्यांच्या हाती वरचेवर फोन दिला जायचा, त्यांच्यात, विशेषतः मुलग्यांमध्ये, भावनांचे चढउतार पुढे वाढलेले दिसले. फोन रडणं थांबवतो, पण स्वतःला सावरण्याचा सरावही थांबवतो.

दुर्लक्ष करायचं ते मागणीकडे, मुलाकडे नाही. लागेल अशा वस्तू बाजूला कराव्यात, मारणारा हात न रागावता धरावा, गर्दीत असाल तर उचलून कडेला न्यावं, जवळ राहावं आणि कमी बोलावं. किंचाळणं थांबून हुंदके उरले, की जवळ घ्यावं. ‘राग आला ना, गाडी मिळाली नाही म्हणून?’ एवढं वाक्य पुरे. मूल शांतपणे ‘नको’ म्हणालं, तर ते आवर्जून वाखाणावं.

काही खुणा मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवण्याच्या आहेत: थयथयाट नेहमीच पंचवीस मिनिटांपेक्षा लांबणं, मुलानं स्वतःला इजा करणं, दिवसातून अनेकदा असं घडणं, दोन वर्षांनंतरही शब्द न येणं. रडता रडता श्वास अडकून मूल निळं पडत असेल तर रक्तही तपासावं. लोहाच्या कमतरतेशी या प्रकाराचा संबंध आढळला आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय होता, हे लक्षात घेता ही शंका फार दूरची नाही.

बाकीच्यांसाठी दिलासा आहे. २००३च्या त्याच पाहणीत अडीच ते तीन वर्षांची ९१ टक्के मुलं थयथयाट करत होती, तर साडेतीन ते चार वर्षांची ५९ टक्के. वय आपलं काम करतंच. त्यामुळे आजचं रडणं किती लवकर थांबलं, यावर आईबापांनी स्वतःला गुण देऊ नयेत. त्याच मागणीला घरातल्या चारही माणसांकडून पुढच्या आठवड्यात तेच उत्तर मिळालं का, एवढं तपासावं.