डोळे निघाले, पाय घरीच

व्हीआर (म्हणजे आभासी जग दाखवणारा) हेडसेट घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, "घाटात गाडी लागते का तुम्हाला?" किमतीचं नंतर बघू.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतल्या द्रवावरून मेंदूला ते कळतं. घाटात पुस्तक वाचताना कान सांगतो, वळणं चालू आहेत. डोळ्यांसमोरचं पान मात्र स्थिर. हेडसेटमध्ये उलटं होतं. बटण दाबून आपण खेळात धावत सुटतो आणि कान म्हणतो, हे गृहस्थ तर सोफ्यापाशीच उभे आहेत! या भांडणात पोट ढवळतं. म्हणून चांगल्या खेळांत धावण्याऐवजी एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी मारता येते. काही खेळ तर चालताना दृश्याच्या कडा काळ्या करतात, कारण नजरेच्या कडेला दिसणारी हालचालच जास्त फसवते. मान वळल्यावर चित्र वळायला २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू नये, असा या धंद्यातला जुना दंडक आहे.

हे सगळं माझ्या भाच्याला सांगून उपयोग नव्हता. घरी येईल त्याला थेट रोलर कोस्टरवर बसवायचं, हा त्याचा खाक्या. "अरे, आजीला आधी नुसता समुद्र दाखव," म्हटलं, तर म्हणे, "मामा, त्यात काय मजा?"

मजा आहे ती 'बीट सेबर'मध्ये. २०१८ साली आलेल्या या चेक खेळात आपण जागेवर उभे राहतो, ठोकळे अंगावर येतात आणि हातातल्या प्रकाशाच्या तलवारींनी ते तालावर कापायचे. दिसणारा प्रत्येक वार आपल्याच हाताचा, त्यामुळे कानाला तक्रारच उरत नाही. घाम मात्र निथळतो. तेच हवेत चित्र काढण्याचं. आपणच काढलेल्या रेषेला प्रदक्षिणा घालता येते, हे सुख टीव्हीवर कुठलं मिळायला!

या हेडसेटचा इतिहास थोडक्यात: व्हीटस्टन या शास्त्रज्ञाचा, दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवणारा आरशांचा स्टिरिओस्कोप १८३८, सदरलँड या संगणकतज्ज्ञाचा छताला टांगलेला हेडसेट १९६८, ऑक्युलस कंपनीने हेडसेटसाठी गोळा केलेली लोकवर्गणी २०१२.

आता तोटे. 'क्वेस्ट ३' हा हेडसेट सुमारे ५१५ ग्रॅमचा, तोही तोंडासमोर; मान बोलू लागते. बॅटरी साधारण दोन तास. मोकळी जागा दोन मीटर बाय दोन मीटर तरी हवी आणि आपल्या फ्लॅटमध्ये तेवढी जागा सापडते ती नेमकी पंख्याखाली. हात उंचावण्याआधी पंखा बंद करा, हे मी गंभीरपणे सांगतोय. हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगातून आत शिरलेलं ऊन पडदा जाळतं. परदेशातून कुणाच्या बॅगेतून मागवलात, तर दुरुस्तीचं आधीच विचारून ठेवा. आणखी एक, जवळची वस्तू बघताना डोळे आत वळतात, पण भिंगांमुळे फोकस ठरावीक अंतरावरच राहतो. त्यामुळे नाकासमोर धरलेली बारीक अक्षरं थकवतात. नुसता सिनेमा बघायला हा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारी बसलेल्या माणसाशी डोळे मिचकावता येत नाहीत तो कसला सिनेमा?

घ्यायचं ठरलंच, तर डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून घ्या. भिंगं त्याप्रमाणे सरकवली नाहीत तर चित्र धूसर दिसतं आणि डोकं दुखतं. चष्म्याच्या दुकानात मोजून देतात.