विदुषी, सोंगाड्या आणि खासदार

मांडवगण फराट्याहून रेल्वे गाठायची तर भीमा ओलांडावी लागते. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. ऊस दोन्हीकडे सारखाच, कारखान्याच्या तोडीची वाट पाहणंही सारखंच. पलीकडे केडगाव लागतं आणि तिथून काही मिनिटांत पुणे-सोलापूर महामार्गावरचा चौफुला. केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, चौफुल्याला लावणीची थिएटरं आहेत. एकीकडे एका विदुषीनं अख्खं बायबल मराठीत आणलं. दुसरीकडे पेटी, तबला आणि ढोलकीच्या साथीनं संगीत बारीच्या पार्ट्या अजून आपापल्या पाळीनं उभ्या राहतात. नट आणि लेखक म्हटलं की पुणे जिल्ह्यात नजर जाते ती सदाशिव-नारायण पेठांकडे. निळे फलक लागलेत तेही शहरातल्या वाड्यांवर. पण जिल्ह्याची बरीचशी कमाई पेठांबाहेरची आहे.

सुरुवात केडगावपासूनच करायला हवी, कारण रमाबाईंचं नाव घेताना लोक कोलकाता, पुणे, इंग्लंड आणि अमेरिका सांगतात आणि केडगावला शेवटच्या ओळीत बसवतात. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं याच माळावर गेली.

२३ एप्रिल १८५८चा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, म्हणून घरादारासह रानावनात आणि तीर्थयात्रेत फिरले. दुष्काळात आईवडील गेले. भाऊ-बहीण पायी फिरत, पुराणं सांगत १८७८मध्ये कोलकात्यात पोचले, तेव्हा तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं. दोन वर्षांत वैधव्य आलं. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. १८८२मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, आर्य महिला समाज काढला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडला निघाल्या.

इंग्लंडमध्येही त्यांचा मुक्काम लंडनपेक्षा लहान गावांतच जास्त झाला. आधी वाँटेज, त्या वेळच्या बर्कशायर परगण्यातलं लहानसं गाव. तिथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहिल्या आणि सप्टेंबर १८८३मध्ये तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग ग्लॉस्टरशायरमधल्या चेल्टनहॅमचं मुलींचं कॉलेज. तिथे त्या स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. चर्चच्या अधिकाऱ्यांशी आणि वाँटेजच्या गुरुभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचला की बाई कुणाच्याच ताब्यात राहणारी नव्हती हे कळतं. धर्म बदलला, पण विचार करायचं काम दुसऱ्यावर सोपवलं नाही.

पुढे अमेरिकेत असताना १८८७मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ या पुस्तकानं पैसा आणि पाठिंबा मिळवून दिला. परत आल्यावर १८८९मध्ये मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धर्मांतराच्या मुद्द्यावरून पुण्यात जे वादळ उठलं ते प्रसिद्ध आहे. त्याच्या तपशिलात इथे शिरायला नको. केडगावची गोष्ट सुरू झाली दुष्काळ आणि प्लेग या दोन आपत्तींतून. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस. इतक्या मुलींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. केडगावला जमीन घेतलेली होती, रेल्वेचं स्टेशन जवळ होतं, विहिरी खणता येत होत्या. १९००पर्यंत तिथे दीड हजार माणसं राहत होती आणि शंभरावर गुरं होती. आजच्या हिशेबानेही तो आकडा एखाद्या बऱ्यापैकी गावाचा आहे.

या वस्तीत शेती, गोठा, विणकाम, शिवणकाम आणि शाळा तर होतीच, शिवाय छापखाना होता. ज्या मुलींना चार-सहा वर्षांपूर्वी अक्षर माहीत नव्हतं, त्या खिळे जुळवू लागल्या. कंपोझिंगचं काम ज्यानं पाहिलंय त्याला त्यातली मेख कळेल. अक्षरं उलटी वाचायची, मराठीतल्या काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरांसाठी शेकडो घरांच्या पेटीतून नेमका खिळा उचलायचा, ओळ घट्ट बसवायची आणि एक वेलांटी चुकली तर पुन्हा सोडवायची. हे काम केडगावच्या बायका करत होत्या.

आणि छापायचं काय, तर मराठी बायबल. आधीची भाषांतरं पंडिती वळणाची, खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरून जाणारी, असं रमाबाईंचं मत होतं. संस्कृतवर एवढी हुकमत असलेल्या बाईनं संस्कृतप्रचुर मराठीला नकार द्यावा, हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं साहित्यिक धाडस म्हणायला हवं. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सतरा-अठरा वर्षं भाषांतर करत राहिल्या. मध्ये ऐकू येणं कमी झालं, १९२१च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. तरी काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचं निधन झालं. ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला. १९८९मध्ये टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र या भाषांतराला मिळालेली जागा फारच तोकडी आहे. धर्मग्रंथ म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं आणि मराठी गद्याचा प्रयोग म्हणून कुणी फारसं उघडलं नाही.

लेखक आणि त्याचा मुलूख यांची सांगड घालण्यात इंग्रज पटाईत. डॉर्सेट परगण्यातला टॉमस हार्डी १९२८मध्ये वारला तेव्हा त्याची रक्षा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये गेली आणि काळीज मात्र काढून स्टिन्सफर्ड या त्याच्या गावाकडच्या दफनभूमीत पुरलं. शहर आणि गाव यांच्यातली ओढाताण इतक्या शब्दशः कुठे सुटली नसेल! आपल्याकडे अशी वाटणी होत नाही. माणूस मोठा झाला की तो मुंबई-पुण्याचा होतो आणि गावात राहतो तो त्याच्या नावाचा चौक किंवा सभागृह.

सासवडला आचार्य अत्रे सांस्कृतिक भवन आहे ते असंच. अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८चा, पुरंदर तालुक्यातल्या कोडीत खुर्दचा. पुढे पुणे, लंडनची शिक्षणशास्त्राची पदविका, मुंबई, ‘मराठा’, ‘श्यामची आई’ला मिळालेलं पहिलं सुवर्णकमळ हे सगळं झालं. तरी आत्मचरित्राला नाव देताना त्यांनी शिवाजी पार्क आठवलं नाही, सासवडची नदी आठवली: ‘कऱ्हेचे पाणी’. त्यांच्या ‘मोरूची मावशी’चं मूळही मजेशीर आहे. ब्रँडन टॉमस या इंग्रज नटानंच लिहिलेलं ‘चार्लीज आंट’ हे ते मूळ नाटक. त्याचा पहिला प्रयोग २९ फेब्रुवारी १८९२ रोजी सफोक या शेतीवाडीच्या परगण्यातल्या बरी सेंट एडमंड्स गावी झाला. सफोकच्या आत्याबाईला सासवडच्या लेकानं लुगडं नेसवलं आणि मराठी माणसानं तिला आपली मावशी मानून टाकलं.

त्याच कऱ्हाकाठचा, अत्र्यांच्या शंभर वर्षं आधीचा शाहीर म्हणजे जेजुरीचा सगनभाऊ. मुसलमान, धंदा शिकलगाराचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा. उत्तर पेशवाईत होनाजी बाळा, राम जोशी यांच्या पंक्तीत बसणारा हा कवी. लावण्या त्यानं रचायच्या आणि रामा गोंधळ्यानं गायच्या. त्याच नदीनं पुढे गेलं की बारामतीला मोरोपंत. एकाच्या लावण्या फडावर गायल्या जात आणि दुसऱ्याच्या आर्या कीर्तनात. दोघांची भेट होण्याचा प्रश्नच नव्हता, पण जिल्हा एकच.

आता जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावर इथे राहुट्या उभ्या राहतात. कापडी पाल, दर्शनी भागात फडमालकाचा आणि नर्तिकांच्या फोटोंचा भलामोठा फलक, आत एक टेबल, चार खुर्च्या आणि व्यवस्थापकाची वही. जिल्ह्याजिल्ह्यांतून यात्रा कमिट्यांची माणसं जीपगाड्या भरून येतात. पाच-सहा राहुट्या फिरल्याशिवाय कुणी बसत नाही. मग प्रश्न सुरू होतात: तारीख मोकळी आहे का, बाया किती, ढोलकीवर कोण, सोंगाड्या कोण, वग कुठला. चैत्रातली कालाष्टमी असली तर व्यवस्थापक ताठ बसतो, कारण त्या दिवशी गावोगाव जत्रा आणि फड मोजके. सगळ्यांत महाग सुपारी त्या रात्रीची. आडतिथीचं गाव असेल तर तोच माणूस चहा मागवतो. घासाघीस होते, इसार दिला जातो, वहीत गावाचं नाव चढतं. लोकवर्गणीतून जमलेल्या पैशांचा हा व्यवहार असल्यामुळे पावती घडी घालून जपली जाते. गावात हिशेब द्यायचा असतो.

भीमा आणि घोडनदीच्या काठच्या गावांनाही जत्रेचा हा क्रम पाठ आहे. रात्री पालखीचा छबिना, मग तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. रात्रभर नाचलेल्या कलावंतांनी सकाळी देवापुढे पुन्हा उभं राहायचं ती हजेरी. ती संपली की ट्रकमध्ये पेट्या चढतात आणि पुढचं गाव.

या ट्रकांवर गावं लिहिलेली असत आणि असतात. दत्तोबा तांबे शिरोलीकर, चंद्रकांत ढवळपुरीकर, दादू इंदुरीकर. हार्डीनं आपल्या मुलखाला कादंबरीत टोपणनाव दिलं. तमासगिरांनी गावाचं खरं नाव आडनावाच्या जागी लावून महाराष्ट्रभर फिरवलं. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

विठाबाई जन्मल्या १९३५मध्ये पंढरपूरला, कारण फड तेव्हा तिथे होता. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड नावाजलेला होता. पोरवयातच त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. नऊ महिने भरलेले असताना खेळ चालू होता, कळा सुरू झाल्या, त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ती सांगताना ऐकणारा थक्क होतो आणि टाळी वाजवतो. पण त्या रात्री खेळ थांबवता येत नव्हता तो का, हा प्रश्न कमी लोक विचारतात. तिकीट काढलेलं पब्लिक खवळलं तर कनात फाडतं आणि फड उचलीच्या कर्जावर चालतो, हे त्याचं साधं उत्तर आहे. १९६२च्या युद्धात त्या सैनिकांसमोर नाचल्या, १९५७ आणि १९९०मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, आणि शेवटचे दिवस हलाखीत काढून १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. त्यांच्या नावाचा राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाला. पहिल्या मानकरी कांताबाई सातारकर. योगिराज बागूल यांनी विठाबाईंचं चरित्र लिहिलं, ते मुळातून वाचण्यासारखं आहे. मुलगी मंगला बनसोडे यांनी फड पुढे चालवला.

तमाशात नट गाजतो आणि लेखक हरवतो. मावळातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’मध्ये सावळ्या कुंभार उभा करत. बोलता बोलता वाक्यं पाडत, समोरच्या गावची भानगड मिनिटभरात वगात ओवत. त्यासाठी त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. वगाचे लेखक हरिभाऊ वडगावकर, हे मात्र शंभरातल्या पाचांनाही सांगता येणार नाही. उलट वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५मध्ये शहरी रंगमंचावर आलं आणि लेखकाचं नाव कायम राहिलं. त्यातला हवालदार दादा कोंडके. त्यांचं बालपण मुंबईच्या चाळीतलं, पण मूळ गाव भोरजवळचं इंगवली. त्यांचा ‘सोंगाड्या’ १९७१मध्ये आला तेव्हा तमाशातलंच पात्र पडद्यावर गेलं.

ओतूरचे अनिल अवचट याच जुन्नर तालुक्यातले. डॉक्टर होऊन दवाखाना न थाटता हमाल, विडी कामगार, दुष्काळी गावं यांच्यावर लिहीत राहिले आणि १९८६मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. त्यांच्यावर स्वतंत्र लेखच हवा.

डॉक्टरकी सोडलेला दुसरा जुन्नरकर पुन्हा नारायणगावचाच. अमोल कोल्हे यांनी केईएमशी संलग्न सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केलं, २००८मध्ये ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत शिवराय आणि २०१७पासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये शंभूराजे रंगवले. संभाजीराजांचं समाधिस्थळ असलेलं वढू बुद्रुक शिरूर तालुक्यातलंच, त्यामुळे या भागात ती मालिका नुसती करमणूक म्हणून पाहिली गेली नाही. २०१९मध्ये ते शिरूर लोकसभा मतदारसंघातून उभे राहिले आणि शिवाजीराव आढळराव पाटील यांचा सुमारे ५८ हजार मतांनी पराभव केला. पुढची पाच वर्षं विरोधकांचा एकच घोशा होता: खासदार नट आहेत, चित्रीकरणात असतात, मतदारसंघात दिसत नाहीत. कोल्ह्यांनी नटाचं काम सोडलं नाही. उलट ‘शिवपुत्र संभाजी’ हे घोडे-तोफांसह मोकळ्या मैदानात होणारं महानाट्य घेऊन ते गावोगाव फिरले. २०२४मध्ये लढत पुन्हा त्याच दोघांत झाली. कोल्ह्यांचं मताधिक्य १ लाख ४० हजारांवर गेलं.