फोनच्या पोटातला हमाल

मी एकदा फोन कडुनिंबाला टांगला होता. गंमत म्हणून नाही, कामासाठी! २००८ सालची गोष्ट. रामाकोन्याला ताईकडे गेलो होतो आणि एक ईमेल पाठवणं फार गरजेचं होतं. लॅपटॉप होता, पण त्याला इंटरनेट कुठून आणायचं? खिशात बटणांचा फोन होता. घरात त्याच्या पडद्यावर रेंजची एकच काडी, अंगणात दोन, आणि निंबाच्या फांदीवर तीन. मग काय, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी सुतळीनं फांदीला बांधली आणि खाली बाजेवर लॅपटॉप घेऊन बसलो. दोघांचं बोलणं ब्लूटूथवरून. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "काऊन गा, फोन वाळू घातला का?"

रामाकोना कुठे ते सांगायचं राहिलं. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालात की सौंसर लागतं, आणि सौंसर मागे टाकलं की रामाकोना. नकाशात हा मध्य प्रदेश, २०२३पासून पांढुर्णा जिल्हा. पण कुणाच्याही ओसरीवर बसा, कानावर मराठीच पडेल, तीही वऱ्हाडी वळणाची. आजूबाजूला संत्र्यांच्या बागा आणि जवळून वाहणारी कन्हान.

या उन्हाळ्यात पुन्हा गेलो, तर भाची नवा फोन घेऊन लॅपटॉपसमोर बसलेली. हॉटस्पॉट लावलेला, चित्रफीत भराभर उतरतेय. मी निंबाची गोष्ट सांगितली तर ती आधी पोट धरून हसली, मग एकदम गंभीर झाली.

"मामा, पण फोन तर बोलायसाठी असते. लॅपटॉपले त्याचा काय उपयोग?"

प्रश्न बरोबर आहे की नाही? त्याचं उत्तर मला तिच्याच गावच्या स्टेशनात सापडलं.

रामाकोन्यावरून पूर्वी छोटी लाईन जायची. छोटी म्हणजे खरंच छोटी, दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. २०१५ साली ती बंद झाली आणि पुढे तिच्या जागी मोठी लाईन आली, साडेपाच फुटांची. आता विचार करा. छोट्या लाईनच्या डब्यातलं पोतं पुढे मुंबईला न्यायचं असेल तर? डबा तर मोठ्या रुळांवर चढणार नाही. जिथे दोन लाईनी भेटतात तिथे हमाल लागतो. तो इकडच्या डब्यातलं पोतं पाठीवर घेतो आणि तिकडच्या डब्यात ठेवतो. पोतं तेच, आतली ज्वारी तीच, फक्त गाडी बदलली.

लॅपटॉपची छोटी लाईन म्हणजे शून्य आणि एक. तुमचं चित्र, तुमचं गाणं, तुमचा गृहपाठ, सगळं त्याच्या पोटात ०१०११० असं पडलेलं असतं. पण हवेतून शून्य आणि एक जात नाहीत. हवेतून रेडिओच्या लाटा जातात. ०-१ची पोती उचलून लाटांच्या गाडीत चढवणारा आणि तिकडून आलेली उतरवून घेणारा जो हमाल, त्याचं नाव मोडेम. मॉड्युलेटर म्हणजे चढवणारा, डिमॉड्युलेटर म्हणजे उतरवणारा. दोघांच्या नावांचे शेंडे कापून जोडले की झालं मो-डेम!

आणि खरी गंमत पुढे आहे. हा हमाल लॅपटॉपसाठी फोनमध्ये मुद्दाम बसवलेला नाही. तो तिथे आधीपासूनच आहे. कारण तुम्ही "हॅलो" म्हणता तेव्हा फोन तुमच्या आवाजाचेही शून्य आणि एक करतो आणि लाटांवर चढवतो. आपण लॅपटॉप जोडतो तेव्हा फोनला नवी विद्या शिकवत नाही, फक्त त्याचा हमाल थोडा वेळ उसना घेतो.

आपल्या देशात मोबाईल आणि इंटरनेट या दोन्ही गोष्टी जवळजवळ जुळ्या भावंडांसारख्या आल्या. भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ला, कोलकात्यातून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला. आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ला. मध्ये पंधरा दिवस! पण तेव्हा त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. इंटरनेट यायचं तारेच्या फोनवरून, आणि टेबलावरचा मोडेम अक्षरशः किंचाळायचा. टीऽऽ, खर्रर्र, घिंग-घिंग! ते शून्य-एकच होते, आवाज होऊन तारेतून धावणारे. घरातल्या कुणी त्याच वेळी दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलला की सगळं मुसळ केरात.

माझ्या निंबावरच्या फोनला लॅपटॉप काय म्हणायचा माहीत आहे? आधी म्हणायचा 'एटी'. अटेन्शन या शब्दाची ती पहिली दोन अक्षरं. वऱ्हाडीत सांगायचं तर "ऐक गा!" १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीनं आपल्या मोडेमसाठी ही भाषा काढली आणि पुढे जगभरचे मोडेम तीच बोलू लागले. "ऐक गा" झालं की लॅपटॉप एक नंबर फिरवायचा, *९९#. हा नंबर कुणाच्या घरचा नव्हे. तिकडे कुणी हॅलो म्हणत नाही. फोननं बोलणं सोडून इंटरनेटचा दरवाजा उघडावा, एवढाच त्याचा अर्थ.

"मग तुह्या फोनवर चित्रफीत काऊन नव्हती चालत?" भाचीचा पुढचा प्रश्न.

चित्रफीत सोड, दोन एमबीचा एक फोटो उतरवायला साडेसहा मिनिटांच्या वर लागायची. त्या फोनचा वेग चांगल्या दिवशी सेकंदाला चाळीस हजार शून्य-एकांच्या आसपास, आणि दोन एमबी म्हणजे एक कोटी साठ लाख. करा भागाकार. तिच्या फोनला त्या संध्याकाळी सेकंदाला दोन कोटी मिळत होते. तोच फोटो एका सेकंदाच्या आत! फोन बदलला म्हणजे नेमकं काय बदललं? लाटा तर तेव्हाही प्रकाशाच्या वेगानं धावायच्या आणि आजही तेवढ्याच वेगानं धावतात. मग?

हे समजायला अंगणात उभे राहा. हो, आत्ताच. तोंड उत्तरेला करा. समजा तुम्ही टॉवर आहात आणि समोरच्या मित्राला शून्य-एक पाठवायचे आहेत, पण बोलायचं नाही, नुसता हात दाखवायचा. उजवा हात बाजूला केला तर एक, डावा केला तर शून्य. एका हालचालीत एक अंक गेला. माझा निंबावरचा फोन असाच होता. टॉवरच्या एका वाटेवर सेकंदाला सुमारे दोन लाख सत्तर हजार हालचाली व्हायच्या, पण ती वाट आठ पाळ्यांत वाटलेली, आणि त्यातल्या दोन-चार पाळ्या आपल्या वाट्याला.

आता हालचाली न वाढवता वेग वाढवायचा. कसा? हाताला दोनच दिशा का द्यायच्या? मराठीत आपल्याकडे आठ दिशा आहेतच. पूर्व म्हणजे ०००, आग्नेय ००१, दक्षिण ०११, नैर्ऋत्य ०१०, पश्चिम ११०, वायव्य १११, उत्तर १०१, ईशान्य १००. हात एकदा फिरला की तीन अंक गेले! तेवढ्याच वेळात तिप्पट माल. जुन्या फोनच्या पडद्यावर कोपऱ्यात इंग्रजी 'ई' दिसायचा, आठवत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. त्या 'ई'मागे हीच आठ दिशांची युक्ती होती. नंतर दिशेच्या जोडीला हात किती लांबवला हेही मोजायला लागले. ४जी आलं तेव्हा चौसष्ट तऱ्हा, म्हणजे एका हालचालीत सहा अंक. आता दोनशे छप्पन्न तऱ्हाही चालतात, म्हणजे आठ अंक. शिवाय वाटाही रुंद झाल्या, अगदी रामाकोन्याच्या रुळांसारख्या.

नवा फोन का घ्यावा लागतो तेही यात आलं. ज्या फोनच्या चिपला दोनच दिशा ओळखता येतात, त्याला सॉफ्टवेअर कितीही नवं भरवलं तरी चौसष्ट तऱ्हा दिसायच्या नाहीत. डोळेच तसे नाहीत त्याचे. (दुकानदार मात्र कॅमेऱ्याबद्दलच बोलत राहतो. हमालाबद्दल एक अक्षर नाही!)

आजचा लॅपटॉप *९९#ही फिरवत नाही. फोन स्वतःच वायफाय पसरवतो आणि घरच्या आबाजींचं काम करतो. गावात सगळी पत्रं आबाजींच्या नावावर येतात, मग ते ओसरीवर बसून "हे तुझं, हे तुझ्या काकूचं" असं वाटतात. इंटरनेटला बाहेरून एकटा फोन दिसतो. आत लॅपटॉप आहे, टॅब आहे, की शेजारच्या पोरानं पासवर्ड मिळवलाय, हे आबाजींनाच माहीत. एवढ्या कामानं आबाजी तापतात, बॅटरी भराभर उतरते. म्हणून वायफायऐवजी केबलनं जोडलं तर बरं, लॅपटॉप फोनला चार्जही करत राहतो.

"पण बगीच्यात गेलं की हाच फोन रडत चालते," भाची म्हणाली. "तिथं काय त्याचा हमाल पळून जाते?"

याचं उत्तर अंगणात देता येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कन्हानवर गेलो. भाऊजी तिला मोटारसायकलवर पुलावरून पलीकडच्या काठाला घेऊन गेले, मी अलीकडे वही-पेन्सिल घेऊन. ठरलं असं: ती आठ दिशांनी चार वेळा हात दाखवणार, मी बारा अंक लिहिणार. एक अट अशी की त्यातले एक हे अंक मोजले तर संख्या समच यायला हवी, आणि ती जमवायची जबाबदारी तिची. विषम आली तर कुठेतरी चूक आहे असं समजायचं, आणि मी दोन्ही हात वर करायचे. म्हणजे "पुन्हा पाठव". फोन आणि टॉवरही एकमेकांना दिवसभर असंच सांगत असतात, फक्त त्यांचे हिशेब याहून बरेच पक्के असतात.

पहिला हात पश्चिम. ११०. दुसरा पूर्व. ०००. तिसरा आग्नेय, ००१. चौथा दक्षिण, ०११. मी एक मोजले. पाच. विषम!

दोन्ही हात वर केले. पलीकडून आवाज आला, "काऊन गा मामा, दिसत नाही का तुले?" खरं होतं. ऊन डोळ्यांवर, मध्ये एवढं पात्र, आणि दुसरा हात पूर्व होता की ईशान्य ते मला नीट कळलंच नव्हतं. वरची यादी पुन्हा पाहा. पूर्व ००० आणि ईशान्य १००, फरक एकाच अंकाचा. शेजारच्या कुठल्याही दोन दिशा घ्या, फरक एकाच अंकाचा निघेल. फोनमध्येही क्रम मुद्दाम असाच लावतात, म्हणजे नजर चुकली तरी नुकसान थोडक्यात भागतं.

तिनं पुन्हा दाखवलं. पुन्हा पाच. तिसऱ्यांदा मी दोन्ही हात वर केले तेव्हा ती कमरेवर हात ठेवून जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं आठही दिशा सोडून दिल्या. एकदा उजवा हात, पुन्हा उजवा, मग डावा. सावकाश, बारा वेळा. टॉवर लांब गेला, मध्ये संत्र्याची ओली दाट पानं आली, की बागेतला फोनही असंच काहीसं करतो. पण हे मी तिला अजून सांगितलं नव्हतं.

बारा अंक लिहून झाले. एक मोजले, सहा भरले.